आधी ढोलकी, मग मशीन

सिंथपॉप म्हणजे सिंथेसायझरवर (थोडक्यात सिंथवर) उभं राहिलेलं पॉप. ते म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर ऐंशीच्या दशकातली इंग्लिश पोरं येतात, कीबोर्डमागे ताठ उभी, ड्रम मशीन टकटक करतंय आणि वर थंडपणे गाणं चाललंय. मला तेही आवडतं, मनापासून आवडतं. पण आम्ही सांगलीत बसून जो अल्बम केला त्याची दिशा ठरली ती डेपेश मोडच्या १९९३ सालच्या ‘साँग्ज ऑफ फेथ अँड डिव्होशन’मुळे. ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा बँड इंग्लंडमधल्या बॅसिल्डनचा, १९८१ला पहिला अल्बम आला तो सगळा सिंथवर, १९८३च्या ‘कन्स्ट्रक्शन टाइम अगेन’साठी हे लोक पत्रे आणि पाइप ठोकून आवाज गोळा करायचे आणि सॅम्पलरमध्ये घालून कीबोर्डवर वाजवायचे, १९९०च्या ‘व्हायोलेटर’ने तर जगभर नाव झालं, आणि एवढं सगळं जमून आलेलं असताना त्यांनी माद्रिदला एक बंगला भाड्याने घेतला, त्यात स्टुडिओ मांडला आणि ॲलन वाइल्डर, जो तोवर मुख्यतः कीबोर्डवाला, तो खऱ्याखुऱ्या ड्रम्सवर बसला. सोबत निर्माता म्हणून फ्लड. पुढचं काम हँबर्गला आणि लंडनला झालं. त्या अल्बममध्ये एका गाण्यात इलन पाइप्स, म्हणजे आयरिश बॅगपाइप, आहेत, एका गाण्यात गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं, त्या ढंगाने गाणारे आहेत, आणि एक गाणं तर नुसतं गायक आणि त्याच्यामागे २८ जणांचा तंतुवाद्यांचा ताफा, बाकी काही नाही.

यातली मला सगळ्यात पकडून ठेवणारी गोष्ट म्हणजे ते ड्रम्स. आधी माणसाने वाजवले, मग त्यातले चांगले तुकडे कापून सॅम्पलरमध्ये घेतले, सिंथमधून फिरवले आणि सीक्वेन्सरवर, म्हणजे ठरवलेल्या क्रमाने आवाज वाजवणाऱ्या यंत्रणेवर, परत जोडले. त्यामुळे ऐकताना हात माणसाचा जाणवतो आणि पकड मशीनची जाणवते, दोन्ही एकाच वेळी. मी कॉलेजात असताना हेडफोनवर हे ऐकून अक्षरशः बसल्या जागी थिजलो होतो.

आता याच रस्त्यावर अजून एक बँड आहे, टॉक टॉक, १९८२ला ते पण पक्के सिंथपॉपवाले होते, १९८६च्या ‘द कलर ऑफ स्प्रिंग’मध्ये डबल बास, ऑर्गन, गिटार असली माणसांनी वाजवलेली वाद्यं भरपूर आली आणि १९८८च्या ‘स्पिरिट ऑफ ईडन’पर्यंत तर सिंथपॉप कुठल्या कुठे मागे राहिलं. फार सुंदर आहे तो अल्बम, पण मला स्वतःला ‘द कलर ऑफ स्प्रिंग’ जास्त जवळचा वाटतो कारण तिथे दोन्ही जगं अजून एकमेकांशी बोलतायत, कुणी कुणाला घराबाहेर काढलेलं नाही. आणि आपल्याकडचं बघायचं तर चरणजित सिंग, १९८२ला मुंबईत, रोलंड कंपनीचा टीबी ३०३ बास सिंथ, टीआर ८०८ ड्रम मशीन आणि ज्युपिटर ८ सिंथ एवढं घेऊन दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवले, सगळं मशीनवर. तेव्हा फार कुणी लक्ष दिलं नाही, २०१०ला रेकॉर्ड पुन्हा निघाली आणि जगभरातले लोक वेडे झाले. त्यांनी राग मशीनमध्ये नेला, आम्हाला मशीन आपल्या वाद्यांच्या बैठकीत आणून बसवायचं होतं. उलट प्रवास म्हणा हवं तर.

आम्ही तिघं. मी सिंथ आणि रेकॉर्डिंग, एक मित्र बास गिटारवर, आणि गाणारी आमची मैत्रीण जी लहानपणापासून शास्त्रीय शिकलेली आहे. वाद्यं ठरली तानपुरा, पेटी आणि ढोलकी. सनई पाहिजे, संबळ पाहिजे, बासरी पाहिजे असं खूप काही मनात होतं पण मी हट्टाने तीनवर थांबवलं, कारण प्रत्येक वाद्याला गाण्यात काहीतरी काम पाहिजे, नुसतं देशी फोडणी म्हणून वरून घालायचं असेल तर सॅम्पल लायब्ररीत सगळं तयार मिळतं की, त्यासाठी माणसांना कशाला त्रास द्यायचा.

तानपुरा मिरजेचा. मिरज आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, तिथल्या सतारमेकर गल्लीत पिढ्यानपिढ्या हेच काम चालतं, भोपळे पंढरपूर मंगळवेढ्याकडून येतात, आणि २०२४ला मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. ते योग्यच झालं असं मला मनापासून वाटतं, कारण जवारी लावणं, म्हणजे तारेला ती गुंजणारी आस आणणं, हे काम शेजारी बसून बघितल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही. घोडीचा वरचा भाग अगदी किंचित उतरता घासलेला असतो, तार त्याच्यावर सपाट टेकत नाही, आणि तार नि घोडीच्या मध्ये सुती दोरा सरकवतात. दोरा केसभर पुढे केला की आवाज एकदम उघडतो, केसभर मागे केला की बंद, मंद, लाकडी होतो. कारागीर तार छेडतो, थांबतो, दोरा नखाने ढकलतो, परत छेडतो. मी हे बघत होतो आणि माझ्या बोटांना सिंथवरची कटऑफची खुंटी आठवत होती. सिंथच्या सॉटूथ लहरीत सगळे स्वरांश, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे सूर, भरलेले असतात आणि फिल्टर त्यातले वरचे दाबतो किंवा सोडतो, इथे तेच काम एक दोरा करतोय आणि तोही इतक्या बारकाईने की खुंटीवर तेवढं साधायला मला कष्ट पडतील.

मग रेकॉर्डिंगला बसल्यावर सगळ्यात पहिला प्रश्न सुराचा. आमच्या गायिकेची काही गाणी खालच्या पट्टीत आहेत, काळी एक, म्हणजे पेटीवरची सप्तकातली पहिली काळी पट्टी हा सा. तानपुऱ्याचा सा साधारण १३८.६ हर्ट्झला लावला. तानपुऱ्यातून गंधार कुणी वाजवत नाही तरी ऐकू येतो हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, तो येतो कारण तारेचा पाचवा स्वरांश, १३८.६ गुणिले पाच, म्हणजे ६९३ हर्ट्झच्या आसपास. आता कीबोर्डवरचा गंधार बघा, तिथे सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेत, त्यामुळे तोच गंधार पडतो ६९८.५ला. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला पाच-साडेपाच वेळा आवाज थरथरतो. स्टेजवर गोंगाटात ते खपून जातं, पण हेडफोनवर तानपुऱ्याच्या वर सिंथचा लांब कॉर्ड धरला ना, की दात आंबतात. पंचमाचं मात्र काही भांडण नाही, तिसऱ्या स्वरांशात आणि कीबोर्डच्या पंचमात अर्ध्या हर्ट्झचाच फरक आहे.

यावर साधारण सगळे काय करतात तर तानपुरा मागे ढकलतात, आवाज कमी करतात, किंवा सरळ ॲपमधला तानपुरा लावून मोकळे होतात. आम्ही ठरवलं की हलायचं ते सिंथने. माझ्याकडे कॉर्ग कंपनीचा मोनोलॉग सिंथ आहे, त्यात प्रत्येक स्वर वेगळा सुरात लावता येतो, ही सोय करण्यात एफेक्स ट्विन या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराचा हात होता आणि त्याचे मी किती आभार मानू तेवढे थोडे. गंधार १४ सेंट (सेंट म्हणजे कीबोर्डवरच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) खाली घेतला, धैवत १६ सेंट खाली, निषादही गंधाराच्या मापाने खाली उतरवला, आणि मग गायिकेला बोलावून नुसता सिंथचा एकेक स्वर तानपुऱ्यावर लांब धरून ऐकवला. ती डोळे मिटून बसली होती, गंधार आला तशी म्हणाली, “हां, आता बसला.” पुढे मी स्पेक्ट्रम बघणं बंदच केलं, तिच्या मानेकडे बघून सूर लावले.

पेटीची गोष्ट वेगळी. आमची पेटी एका भजनी मंडळाची, जुनी, आवाज असा भरीव की नवीन पेट्यांमध्ये मिळणार नाही. पण तिचा सूर ४४० ऐवजी ४४२च्या जवळ भरला. सूर बदलायचा म्हणजे रीड घासाव्या लागतात, आणि मंडळाची रोजची पेटी आपल्या गाण्यासाठी घासायची हे बरोबर नव्हे. म्हणून जिथे पेटी आहे तिथे सगळे सिंथ आठ सेंट वर घेतले, तानपुराही मणी सरकवून तिला जुळवला. आणि पेटीचा गंधार हा कीबोर्डसारखाच वरचा, त्याला तानपुऱ्याशी जुळवता येत नाही (डॉ. विद्याधर ओकांची २२ श्रुतींची पेटी आहे ती याच दुखण्यावर केलेली, पण ती आमच्याकडे कुठली यायला), तर मग त्या गाण्यांमध्ये पेटी गंधारावर थांबतच नाही, सा आणि पंचमावर श्वास घेते आणि गंधार नुसता जाता जाता लागतो. चाल यामुळे बदलली. बदलून चांगली झाली असं माझं ठाम मत आहे, ते गाणं आता पेटीचं वाटतं.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. काळ. लय.

इलेक्ट्रॉनिक संगीतात सगळं क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठरावीक टिकटिकीवर चालतं. मिनिटाला १०४ ठोके म्हणजे १०४, पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत. आमच्या ढोलकीवाल्या मास्तरांचं अर्धं आयुष्य फडावर गेलंय, लावणीच्या मागे, आणि फडावर लय कोण ठरवतं तर नाचणारीचे पाय आणि समोर बसलेली मंडळी. त्यांना हेडफोन घातले, क्लिक लावली, त्यांनी थोडं वाजवलं, व्यवस्थित वाजवलं, एकही ठोका चुकला नाही, आणि मग हेडफोन काढून म्हणाले, “हे टिकटिक बंद करा की. हिच्यासंगं वाजवायचं का गाण्यासंगं?” मी ते दोन्ही टेक शेजारी ठेवून ऐकले, क्लिकवरचा आणि नंतर नुसत्या तानपुऱ्यावर आणि गाण्यावर वाजवलेला. पहिल्यात हात जपून पडतोय. दुसऱ्यात डावीकडचा घुमारा असा काही दाबून वर ओढलाय की तो बोलतो.

मग आम्ही कामाचा क्रमच उलटा केला. आधी तानपुरा, गाणं आणि ढोलकी, तिघं एकाच खोलीत, एकमेकांकडे बघत, क्लिकशिवाय. हे पक्कं झालं की मग मी रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बसून प्रत्येक समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर, लयीची खूण (टेम्पो मार्कर) लावत गेलो. वेळखाऊ काम आहे, कुणाला घाई असेल तर त्याने या वाटेला येऊ नये, पण मला त्यात जो आनंद मिळाला तो अख्ख्या अल्बममध्ये दुसरीकडे कुठे मिळाला नाही. कारण लय डोळ्यांना दिसायला लागते. मुखड्याला १०४, पहिल्या अंतऱ्याला तेवढीच, दुसऱ्या अंतऱ्यात गायिका वर जाते तशी हळूहळू १०७, आणि मुखड्यावर परत येताना समेच्या अगदी आधी एक बारीकसा थांबा, तो मोजला तर नावालाही नाही पण गाणं तिथे श्वास घेतं. हा नकाशा तयार झाला की सगळी मशीनं त्याच्यावर सोडायची. आर्पेजिएटर, म्हणजे कॉर्डचे स्वर एकामागून एक आपोआप वाजवणारी सिंथची सोय, १०४ला असतो तेव्हा दोन स्वरांत १४४ मिलिसेकंद, १०७ला १४०. चार मिलिसेकंदांचा फरक कुणाला मोजून कळणार नाही, पण ऐकताना अंग पुढे झुकतं.

एवढ्याने भागत नाही. केरव्यासारख्या सरळ आठ मात्रांच्या तालातसुद्धा मास्तरांचे मधले ठोके सारख्या अंतरावर पडत नाहीत, काही किंचित मागे रेंगाळतात, काही पुढे. सिंथ बरोबर मध्यावर वाजला तर तो ढोलकीशेजारी अवघडून उभा राहिल्यासारखा वाटतो. म्हणून ढोलकीच्याच टेकमधून ठोक्यांची अंतरं काढून तीच आर्पेजिएटरवर आणि हाय-हॅटवर बसवली. पूर्ण नाही, साधारण दोनतृतीयांश. पूर्ण बसवलं की मशीन ढोलकीची नक्कल वाटायला लागतं, आणि मला नक्कल नको होती, मला मशीनचा स्वतःचा कणा शाबूत ठेवून त्याने मास्तरांच्या मागे जायला हवं होतं. हे प्रमाण प्रत्येक गाण्याला कानानेच ठरवावं लागलं.

ज्यांना असं काही करायचंय त्यांनी एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात ठेवा, वाजवणाऱ्याच्या हेडफोनमध्ये उशीर होता कामा नये. कॉम्प्युटर आवाजाचे नमुने आधी थोडे साठवून मग पुढे देतो, त्या साठ्याला बफर म्हणतात, ४८ किलोहर्ट्झला तो १०२४ असेल तर नुसत्या एका बाजूने २१ मिलिसेकंद जातात, ढोलकीवाल्याला ते लगेच कळतं, तो म्हणणार हात जड झाला. १२८ केला की अडीच-पावणेतीन मिलिसेकंद, मग काही त्रास नाही. कॉम्प्युटर हळू असेल तर रेकॉर्डिंगच्या वेळी सगळे प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारी जोड-सॉफ्टवेअरं) काढून ठेवा, पण बफर वाढवू नका.

आणि पावसाळा. जुलैत सांगलीत हवा एवढी ओली की ढोलकी सारखी उतरायची. मास्तर शाईची बाजू चढवून घ्यायचे, दोन टेक होईतो परत खाली. तानपुऱ्याचं तेच. शेवटी आम्ही खोलीत आधी तासभर पिवळे बल्ब लावून ठेवायला लागलो, पंखे बंद, खिडक्या बंद, आणि रेकॉर्डिंग रात्री, म्हणजे रस्त्याचा आवाज नाही. घामाने सगळे निथळत होतो. पण आवाजात ती जवळीक आहे ती त्या बंद खोलीचीच, असं मला वाटतं.

खोलीवरून आठवलं, सिंथ सरळ तारेने कॉम्प्युटरमध्ये गेला की त्याला जागाच नसते, तो कुठेच वाजत नसतो. ढोलकीभोवती मात्र भिंती आहेत, फरशी आहे, कौलं आहेत. दोघं शेजारी ठेवले की एक घरात आणि एक हवेत असं काहीतरी होतं, आणि रिव्हर्ब म्हणजे कृत्रिम घुमणं घालून ते पूर्ण मिटत नाही. म्हणून सिंथचे मुख्य भाग स्पीकरमधून त्याच खोलीत वाजवले आणि ज्या माइकने, ज्या जागेवरून ढोलकी घेतली होती तिथूनच परत रेकॉर्ड केले. हे आमचं काही नवीन नाही, स्टुडिओवाले कायम करत आलेत, पण अल्बममधला सगळ्यात मोठा फरक, ऐकणाऱ्याला लगेच जाणवणारा, यानेच पडला.

तानपुऱ्याला आणखी एक काम दिलं आणि ते माझं सगळ्यात आवडतं. एका गाण्यात सिंथचा पॅड, म्हणजे मागे पसरलेला लांब आवाज, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच कॉर्ड धरून आहे, फिल्टर जवळजवळ बंद. तानपुऱ्याच्या माइकवर एन्व्हलप फॉलोअर, म्हणजे आवाजाचा चढउतार मोजणारी सोय, लावला आणि तो पॅडच्या कटऑफला जोडला. तार छेडली की पॅड उघडतो, तारेची आस जसजशी विरते तसतसा मिटतो. मिरजेच्या दोऱ्याने जे केलं तेच आता तारेच्या हुकमावर मशीन करतंय. तानपुरा आमची गायिकाच छेडत होती, तिने बोटांचा वेग जरा बदलला की पूर्ण गाण्याचा उजेड बदलतो. हे गाणं मिक्स करताना मी बाकी काहीही घातलं नाही.

मिक्सिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही. किक, म्हणजे ड्रम मशीनचा खालचा धप्प आवाज, आणि ढोलकीचा घुमारा एकाच जागेसाठी भांडतात, त्यात किकला मी ६९ हर्ट्झवर, म्हणजे खालच्या काळी एकवर सुरात लावलं, आणि जिथे घुमारा बोलतो तिथे किक काढूनच टाकली. पेटीचा भाता खरखरतो तो ठेवला. एवढंच.

आता तालीम चाललीय ती हे सगळं स्टेजवर करायची. तिथे टेम्पोचा नकाशा चालत नाही, कारण मास्तर आज १०७ला जातील, उद्या लोक रंगात असतील तर ११०ला. एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये ११व्या आवृत्तीपासून टेम्पो फॉलोअर आहे, ढोलकीच्या शाईच्या बाजूचा माइक त्याला दिला की सॉफ्टवेअर ढोलकी ऐकून स्वतःची लय जुळवत राहतं. घुमाऱ्याचा माइक देऊन बघितला तर त्या लांब ओढलेल्या आवाजात त्याला ठोका नक्की कुठे ते कळत नाही, शाईचा चटका मात्र लख्ख कळतो. केरव्यात छान चालतं. अडतं ते तिहाईला (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं), कारण तिहाईत ठोके लयीला आडवे जातात आणि बिचाऱ्या सॉफ्टवेअरला वाटतं लयच बदलली. त्यामुळे फॉलो मी पायाच्या स्विचवर घेतलाय, मास्तर तिहाईच्या आधी माझ्याकडे बघतात, मी पाय दाबतो, मशीन आहे त्या लयीत चालू राहतं, आणि सम पडली की परत दाबून मास्तरांच्या ताब्यात.